आरेवाडीच्या तात्यांना

तात्या,

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितोय.

भाद्रपदातली ती पहाट. धाकटा मेंढरांपाशी रानात भुईवर निजला होता, तो पोट धरूनच उठला. अंगावर खूण नाही, सूज नाही. आम्हाला वाटलं बाधा झाली, म्हणून देवऋषी म्हणून तुमच्याच दारात आणला. तुम्ही त्याची हनुवटी उचलून "वर बघ" म्हणालात. पापण्या उघडेनात.

"मण्यार डसलीया. भंडारा मी लावतो, पण इख उतरवायचं काम डाक्तरचं. मिरज गाठा."

चिमूटभर भंडारा कपाळाला लावलात आणि आमच्या आधी जीपमध्ये चढलात. ढालगाव मागं पडलं तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. लाळ घशात उतरू नये म्हणून त्याला कुशीवर वळवून वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरलंत.

मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही, विष मात्र श्वासाचे स्नायू बंद पाडतं. धाकट्याला प्रतिविष दिलं, वर दोन दिवस मशीनवर श्वास. बाहेर तुम्ही घोंगडी अंथरून बसून होतात.

सर्पदंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तुम्ही तर त्याच्या कितीतरी आधीपासून डसलेल्या माणसाला दवाखान्यातच पाठवत आलात, हे मला नंतर कळलं. "देवऋषी असून मंत्र घातला न्हाई" असं चारजण बोलले, ते मनावर घेऊ नका.

आणि देवाचं म्हणाल तर तेही तुम्ही सोडलं नाहीत. धाकटा घरी आल्यावर जागर घातलात. ढोल घुमले, गजीचा नाच रंगला, तान्हेपणी रानात टाकलेल्या आपल्या बिरोबा देवाची ओवी पहाटेपर्यंत चालली. तुमच्या अंगात वारं आलं. मग नवी कोरी घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकून भंडारा उधळलात नि म्हणालात, "ह्यो आज जल्मलाय. नाव इचारा त्येचं."

त्यानं नाव सांगितलं. दवाखान्यात एक टिपूस न काढलेली आई तेव्हा रडली, तात्या. औषधानं त्याचा श्वास परत आला होता. आमचा त्या रात्री आला.

ती घोंगडी तो कुणाला हात लावू देत नाही. येत्या जत्रेत तुम्ही तलवार घेऊन हेडामाचा नाच खेळाल तेव्हा ढोल त्याच्या गळ्यात असेल. बिरोबाच्या नावानं चांगभलं!

तुमचाच,
धाकट्याचा थोरला भाऊ