पैजेची मिसळ

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. पैज तू हरलास, मिसळ तुझ्याकडे लागू.

माझा नवा कन्व्हर्टर बोर्ड (करंट झपाझप चालू-बंद करून बॅटरीचे 12 व्होल्ट 5 वर आणणारा) जोडल्यापासून हॅम रेडिओचा रिसीव्हर गुरगुरतोय, त्यावर "मोठा कपॅसिटर लाव, आवाज जाईल," असं फोनवर म्हणालास ना? 1000 मायक्रोफॅरडचा डबा लावला. ढिम्म फरक नाही! रिसीव्हर 7.07 मेगाहर्ट्झपाशी तसाच गुरगुरतोय, आणि एफटी8 ची, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या डिजिटल निरोपांची, सगळी जत्रा भरते 7.074 वर. पण बोर्ड तापला की ती गुरगुर डायलवर सरकायची. तिथे माझी ट्यूब पेटली: हा बोर्डाचाच आवाज. कन्व्हर्टरचं स्विचिंग मोजलं, 505 किलोहर्ट्झ. चौदाने गुणून बघ, 7.07 मेगाहर्ट्झ: त्याचाच चौदावा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची पट).

7805 (जास्तीचे व्होल्ट उष्णता करून घालवणारा साधा रेग्युलेटर) परत लाव म्हणशील. 12 व्होल्टचे 5 करायचे, रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरला अँपिअरभर करंट, म्हणजे 7 वॉट नुसते हीटसिंकवर. एवढी बॅटरी सिंहगडावर कोण वाहणार, तू?

डायग्राम निर्दोष होता रे. पण लेआउट करताना मी (हो, मीच) इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर कन्व्हर्टरच्या आयसीपासून लांब बसवला, का तर तिकडे जागा ऐसपैस होती. जाण्यायेण्याच्या ट्रेसचा (तांब्याच्या पट्ट्यांचा) इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा विरोध, 20 नॅनोहेन्री धर. त्यातून 1 अँपिअर 5 नॅनोसेकंदांत चालू-बंद होतो, म्हणजे दर खेपेला 4 व्होल्टचा दणका. तुझा डबा बिचारा काय करणार, त्याच्या पायांतच तेवढा इंडक्टन्स!

त्यात स्कोपने (सिग्नलचं चित्र दाखवणारं यंत्र) आधी भलतंच दाखवलं. प्रोबची लांब ग्राउंड क्लिप प्रोबच्याच टोकाला अडकवून बोर्डाजवळ नुसती धरली, तरी स्क्रीनवर स्पाइक! ती वायरच अँटेना झाली होती. मग क्लिप काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावली, तेव्हा कुठे खरं चित्र दिसलं.

नवा सिरॅमिक आयसीच्या पायांना चिकटवून सोल्डर केला, बॅटरीच्या वायरीवर फेराइटचं कडं चढवलं. आवाज बराच बसला, पण पार गेला नाही. म्हणून आता 2.2 मेगाहर्ट्झवर चालणारी चिप मागवलीय. गाड्यांत एएम रेडिओला त्रास नको म्हणून वापरतात, त्यातली. तिचे हार्मोनिक 6.6 आणि 8.8 वर पडतात, आपला 7 ते 7.2 चा बँड मधल्या मोकळ्या जागेत. स्विचिंग चौपटीहून जास्त वेळा, तेव्हा चिप तापणार हे उघड आहे. किती, ते बोट लावून कळवतो.

येताना तुझ्याकडची अँटेनाची वायर आण. आणि मिसळ तिखट हवी.

तुझाच,
हॉस्टेलातला शेजारी