कंत्राट खऱ्या मालकालाच मिळावे

ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार २०१५ पासून आपल्या खरेदीचा ठरावीक वाटा मूलनिवासींच्या उद्योगांसाठी राखते. ८० हजार ते २ लाख डॉलरच्या बहुतेक कंत्राटांसाठी आधी त्यांच्या लघुउद्योगांचा विचार करावाच लागतो. अनुदानापेक्षा मला हे मोलाचे वाटते. हाती काम असले की वस्तीतल्या पोरांना पगार सुरू होतो, बँकही दारात उभे करते.

पण तिथेही खोट शिरली. कागदावर मूलनिवासी भागीदार आणि नफा भलत्याच्याच खिशात! याला तिकडे ‘ब्लॅक क्लॅडिंग’ म्हणतात. म्हणूनच मालकीची अट निम्म्यावरून ५१ टक्क्यांवर नेण्याचे तिथल्या सरकारने ठरवले.

आपल्याकडेही २०१२च्या आदेशानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योजकांकडून करायची आहे. हा आकडा दोघांचा मिळून आहे. त्यात जमातींच्या हाती नेमके किती पडते, हे दरवर्षी जिल्हावार जाहीर व्हावे. नंदुरबार, गडचिरोलीच्या जिल्हा उद्योग केंद्रांनी निविदा भरायला शिकवणारी शिबिरे तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यावीत.

— एक वाचक, नाशिक