कापडी टेप कूलरच्या फटीला लावा, वायरीला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की खानदेशात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि हार्डवेअरच्या दुकानात ‘ती चंदेरी टेप द्या’ अशी मागणी सुरू होते. ही कापडी टेप, म्हणजेच डक्ट टेप, गुणाची आहे. पण कूलरच्या मोटारीची वायर, गॅसची नळी, ठिबक सिंचनाची लॅटरल (पिकाला पाणी देणारी नळी) अशा नको त्या जागी ती सर्रास गुंडाळलेली दिसते, म्हणून हे पत्र.

या टेपला तीन थर असतात. वर पाणी न झिरपणारे पॉलिथिन, मध्ये सुताची जाळी आणि खाली रबराचा चिकट डिंक. सगळी ताकद त्या जाळीत असते. घेताना कडेला थोडी फाडून पाहावी. हाताने सरळ आडवी फाटली आणि धागे दिसले तर ती खरी. धागे नसतील तर ती नुसती रंगवलेली प्लास्टिकची पट्टी समजावी.

तिचा जन्मही एका पत्रातूनच झाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट यांच्या लक्षात आले, की काडतुसांच्या खोक्यांवरची कागदी पट्टी ओढताना तिचे टोक तुटते आणि मेणात बुडवलेले खोके लढाईत चटकन उघडत नाही. त्यांची दोन मुले नौदलात होती. वरिष्ठ दाद देईनात, तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आकृती काढून पत्र पाठवले आणि कापडी पट्टी सुचवली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने ती बनवली. तेव्हा तिचा रंग लष्करी हिरवा होता. युद्धानंतर घरांतले डक्ट, म्हणजे गरम-थंड हवा खेळवणारे पत्र्याचे बोगदे, जोडायला ती वापरू लागले, तेव्हा ती पत्र्यासारखी चंदेरी झाली.

गंमत अशी, की डक्टवरच ती टिकत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत आलटून पालटून गरम आणि थंड हवा सोडून निरनिराळ्या टेपा तपासल्या, त्यात कापडी टेपच नापास झाली. उष्णतेने डिंक आधी पातळ होतो, मग वाळून कडक होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे पत्र्याच्या डक्टच्या सांध्यांना ॲल्युमिनियमची फॉइल टेपच लावावी.

कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यामधली फट मात्र हिचेच काम. सकाळी पत्रा थंड असताना कामाला बसावे. ओल्या फडक्याने धूळ पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. बोटभर रुंद फटीत आधी फोमची पट्टी कोंबावी, मग ४८ मिलिमीटरची टेप खोलीच्या बाजूने अशी लावावी, की निम्मी चौकटीवर आणि निम्मी कूलरवर येईल. टोके कात्रीने गोल कापावीत, कारण चौकोनी कोपरा आधी उचलतो. शेवटी चमच्याच्या पाठीने दाबून घासावे. समोरची खिडकी उघडीच ठेवावी, नाहीतर कोंदट होऊन कूलर असून नसल्यासारखा.

धुळीचे महत्त्व चंद्रावरही कळले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ या अमेरिकी मोहिमेतल्या चांद्रगाडीचे मडगार्ड तुटले, ते टेपने चिकटवले, पण धुळीमुळे निसटले. दुसऱ्या दिवशी यानाच्या आत चार नकाशे टेपने जोडून मडगार्ड केले आणि ते चापांनी पकडवले, तेव्हा निभावले.

ताडपत्री फाटली तर टेपचे ठिगळ दोन्ही बाजूंनी लावावे, फाटल्या जागेच्या चहूकडे दोन इंच जास्त, आणि काही तास पाणी लागू देऊ नये. उन्हात हे ठिगळ फार तर एक हंगाम टिकते. फावड्याची मूठ, बॅगेचा तळ, वह्या-पुस्तकांच्या पाठी यांना ती उत्तम.

वायरीला ही टेप कधीही लावू नये. ती विजेसाठी तपासलेली नसते, तिचे सूत ओल धरते, आणि कूलरमध्ये वीज आणि पाणी हातभर अंतरावर असतात. तिथे आयएसआय खुणेची पीव्हीसी टेपच हवी, वायर जुनी असेल तर बदलणेच बरे. दुकानदारांनी टेप देताना ‘कुठे लावणार?’ एवढे विचारावे, ही कळकळीची विनंती. गॅसची नळी चिरली तर बदलायचीच. वास आला तर रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, विजेच्या बटणाला हात न लावता घराबाहेर यावे आणि १९०६ वर फोन करावा. ठिबकच्या नळीत पाणी आतून दाब देते आणि ओल्यावर डिंक धरत नाही. फुटका तुकडा कापून जॉइनर घालावा. फवारणी पंपाच्या नळीला टेप लावणे म्हणजे विष अंगावर घेणे.

कूलरच्या टाकीला गंजून भोक पडले असेल तर टाकी वाळवून, पॉलिश पेपरने गंज घासून एम-सील भरावे. टेपखाली पाणी शिरतेच.

रीळ पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, आडवे ठेवावे. जुनी टेप काढताना हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू ओढावी. उरलेला चिकटा खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसला की निघतो. मात्र तिथे पुन्हा टेप लावायची असेल तर आधी साबणाने तेल पूर्ण धुवून काढावे.

– एक हार्डवेअर विक्रेता, भुसावळ