मशीनवर शून्य, गाडीत थरथर

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत गाडीला बाहेरची, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली, अलॉय (मिश्रधातूची) चाके घेण्यावर आलेला लेख वाचला. फोटो देखणे होते. पण चाकाचा इंची आकार, नटांच्या भोकांची संख्या आणि रंग यापलीकडे त्यात काही नव्हते. नेमकी एवढीच माहिती घेऊन चाके विकत घेतलेली माणसे नंतर माझ्यासमोर येतात. मी बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडून समतोल करणे) आणि अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवणे) काम करते, म्हणून हे पत्र.

तक्रार बहुतेक ठरलेली असते. गाडी ताशी ८०-९० किलोमीटरला गेली की स्टिअरिंग थरथरते. चाके नवी, टायर नवे, बॅलन्सिंग झालेले. मग संशय बॅलन्सिंगच्या मशीनवर येतो. "ताई, मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे," असे सरळ तोंडावर सांगतात. मशीन ठीक असते. बॅलन्सिंग करताना चाकाच्या मधल्या भोकात शंकू घालून ते पकडतात. तिथे चाक मधोमध बसते, वजने लागतात, पडद्यावर शून्य येते. गाडीवर शंकू नसतो. तिथे हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागाच्या, मध्यावरचा गोल उंचवटा आणि चाकाचे मधले भोक एकमेकांत नीट बसायला हवेत. तसे बसत नसतील, तर चाक मधोमध आणण्याची सगळी जबाबदारी नटांवर येते.

या मधल्या भोकाला सेंटर बोअर म्हणतात. गाडीबरोबर आलेल्या मूळ चाकाचे बोअर हबच्या मापाचेच असते: कुठे ५४.१ मिलिमीटर, कुठे ५७.१, कुठे ६७.१. बाहेरची चाके मात्र अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठे बोअर ठेवून बनवतात, ७३.१ हे माप तर नेहमीचे. आता ५४.१ च्या हबवर ७३.१ चे चाक चढवले, तर सगळीकडून साडेनऊ मिलिमीटर पोकळी राहते. त्यासाठी हब रिंग मिळते: बाहेरून चाकाच्या मापाची, आतून हबच्या मापाची. प्लॅस्टिकची असते, ॲल्युमिनियमचीही असते. प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते, ॲल्युमिनियमची गंजाने हबला चिकटून बसते. मी दोन्ही चालवून घेते, पण रिंगच नाही हे मला पटत नाही. काही जण म्हणतात की शंकूच्या आकाराचे नट चाक आपोआप मधोमध आणतात. आणतात, खोटे नाही. पण चाक अधांतरी असताना, समोरासमोरचे नट आळीपाळीने, हाताने, हळूहळू आवळले तर. गाडी जमिनीवर टेकवून, एका बाजूने सुरुवात करून, नट आवळायची हवेची किंवा विजेची गन लावून सगळे नट दोन मिनिटांत आवळले, तर चाक जिथे होते तिथेच अडकते. गाडीचे वजन रिंग पेलत नाही, हेही सांगायला हवे. ते पेलते नटांनी हबवर घट्ट दाबलेल्या चाकाचे घर्षण. रिंगचे काम फक्त चाक मध्यावर बसवण्याचे. आणि बोअर हबपेक्षा लहान असेल, तर चाक हबच्या तोंडाला टेकतच नाही. ते ठोकून बसवणाऱ्याच्या हातून गाडी काढून घ्यावी.

भोकांचे म्हणाल, तर नुसती संख्या जुळून भागत नाही. भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळावा लागतो. पाच भोकांत ११२ आणि ११४.३ अशी दोन्ही मापे सर्रास आहेत. दोन-सव्वादोन मिलिमीटरचाच फरक, म्हणून रेटून बसवलेले चाक बसल्यासारखे दिसते. स्टड (नट ज्यांवर बसतात ते हबचे आटेदार खिळे) वाकतात, नट तिरके बसतात आणि पुढे सैल होतात. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांमधले अंतर मोजले की झाले. पाच भोकांत समोरासमोर भोक नसते. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ऑफसेटमध्ये. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि चाक हबला टेकते ती जागा, या दोहोंमधले अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर ते 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेले असते. टेकण्याची जागा मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर आकडा धन, आणि हल्लीच्या बहुतेक मोटारींत तो धनच असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते. इथवर बऱ्याच जणांना माहीत असते. रुंदी वाढली की त्या वाढीचा अर्धा भाग आणखी बाहेर जातो, हे मात्र हिशेबात धरायचे राहते. समजा मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४५. नवे ७ इंच रुंद, ईटी ३५. एक इंचाचा निम्मा म्हणजे १२.७ मिलिमीटर. बाहेरची कड १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिलिमीटर बाहेर आली. आतली कड १२.७ वजा १०, म्हणजे २.७ मिलिमीटर शॉक ॲब्सॉर्बरच्या जवळ गेली. कागदावर पेन्सिलीने दोन ओळींत होणारे हे गणित आहे. ते खरेदीआधी केले नाही, तर पाच माणसे बसून खड्ड्यातून गेल्यावर टायर मडगार्डला घासून ते गणित करून दाखवतो.

घासणे निदान ऐकू येते. स्टिअरिंग वळवताना चाक ज्या रेषेभोवती वळते, ती रेषा जमिनीला जिथे मिळते ती जागा आणि टायरच्या जमिनीवरच्या भागाचा मध्य, यांमधले अंतर चाक बाहेर गेल्यावर बदलते. मग जोरात ब्रेक लावताना किंवा एक चाक खडबडीत जागी गेल्यावर स्टिअरिंग हातातून ओढले जाते, आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो. असे गाडीमालक माझ्याकडे अलाइनमेंटला येतात. अलाइनमेंटमध्ये टो (वरून पाहता चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे) नीट करता येतो, सोय असेल त्या गाडीत कॅम्बरही (समोरून पाहता चाकाचा कल). बाहेर आलेले चाक आत घेता येत नाही. हे सांगितले की चेहरे पडतात, आणि मला दर वेळी वाटते की हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवे होते.

टायरच्या मापावर आपल्या लेखात एक वाक्य होते, 'चाक मोठे घेतले की टायर बारीक घ्यावा'. ढोबळमानाने बरोबर, पण किती बारीक? १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, चाक १५ इंची) चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. १९५/५५ आर १६ चाही जवळजवळ तेवढाच. म्हणजे स्पीडोमीटर फसत नाही. २०५/५५ आर १६ घेतला तर तो सुमारे ६३२ होतो आणि काटा आधीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

वजनाबद्दल कोणी विचारत नाही. चाकाच्या मागच्या बाजूला किंवा हबकडच्या भागावर ते चाक किती किलो पेलू शकते हे कोरलेले असते. गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येक ॲक्सलवरचा (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवरचा) कमाल भार दिलेला असतो. त्यातल्या जड ॲक्सलचा निम्मा भार चाकाने पेलायलाच हवा. ९०० किलो असेल तर ४५० च्या खालचे चाक नको. ज्या चाकावर हा आकडाच नाही, ते मी स्वतःच्या गाडीला लावणार नाही. अनेक चाकांवर जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण असते, पण नकली चाकावरही खूण ओतता येते, तेव्हा नुसत्या खुणेवर जाऊ नये.

दोन गोष्टी पैसे देण्याआधी प्रत्यक्ष चाक लावूनच पाहाव्यात. चाकाचे आरे ब्रेक कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला) लागतात का, कारण एकाच इंची मापाची दोन चाके इथे वेगळी वागतात; हाताने चाक पूर्ण फिरवून बघावे. आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून आत कुठे घासते का तेही पाहावे. टायर बसवायच्या आधी कॅलिपरची तपासणी होते, नंतर कोणी चाक परत घेत नाही.

माझी सूचना एवढीच. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा फोटोखाली चाकाच्या रंगाऐवजी त्याचे पीसीडी, बोअर, रुंदी, ऑफसेट आणि भारक्षमता छापा. वाचकांनीही हेच पाच आकडे बिलावर लिहून मागावेत. ते लिहायला विक्रेता कचरत असेल, तर त्याने चाक मोजलेले नाही असे समजा.

आपली वाचक,
बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे काम करणारी एक कारागीर

ता. क. नट राहूनच गेले. मूळ चाकाचे नट नव्या चाकाला चालतीलच असे नाही. काही कंपन्यांच्या मूळ चाकात नटाची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या चाकांत बहुतेक ६० अंशांची शंकूसारखी. गोल नट शंकूच्या बैठकीत नीट टेकत नाही, कितीही आवळा. आटेही पाहावेत, १२ मिलिमीटरच्या स्टडवर १.२५ आणि १.५ असे दोन्ही आटे असतात. नवे नट घेतले तरी जुने गाडीतच ठेवा. डिकीतली स्टेपनी मूळ चाकाचीच असते, आणि पंक्चर झाल्यावर तिला तेच नट लागतात. चाके बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), टॉर्क पान्यानेच पुन्हा तपासून घ्या.