बायोडाट्यात रक्तगट लिहून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या औसा-निलंगा भागात सोयरिकीच्या बैठका सुरू होतात. परवा अशाच एका बैठकीत होतो. मुलगी मुलाच्या सख्ख्या मामाची. "घरचंच आहे, त्यात बघायचं काय?" म्हणत दहा मिनिटांत सुपारी फुटली. मला मात्र पुढ्यातला चहा जाईना. माझी धाकटी बहीण अशीच आत्याच्या घरी दिली होती.

तिची पहिली मुलगी सहा महिन्यांची असताना पांढरीफटक पडली. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिनच तयार न होण्याचा रक्ताचा आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला वेगळी औषधं. अकराव्या वर्षी लेकरू गेलं. तोवर घरीदारी एकच बोलणं, सुनेच्या कुशीत खोट आहे. विज्ञान शिकवणारा मी भाऊ, पण ठणकावून सांगायला मलाही उशीर झाला: हा आजार एकट्या आईकडून येत नाही. आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही अंगात त्याचा एकेक सदोष जनुक असला, तरच होतो, आणि मग प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका असतो. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून पत्ता लागत नाही.

आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. तेलंगण-कर्नाटक सीमेकडच्या काही घरांत मामा-भाचीचं लग्न होतं, तिथं एक चतुर्थांश. नात्यातल्या लग्नांतून जन्मलेली बहुतेक मुलं निरोगी असतात, हे खरं. पण जन्मजात दोषाचा धोका जवळपास दुप्पट होतो, हेही तितकंच खरं. गोत्र आणि देवक आपण बापाकडून मोजतो; जनुकं आईकडूनही येतात.

बैठकीतले एक वडीलधारे म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. खोट असती तर कधीच गळून पडली असती." गळून पडणं म्हणजे लेकरं दगावणं, दुसरं काही नाही. आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडीबा ठेवत, ते राहावं म्हणून. त्या काळी बहुतेक मुलं देवी, पटकी, जुलाब-तापानं जात; पण सदोष जनुकं गळायची तीही याच वाटेनं. आणि थॅलेसेमियाचा जनुक तसाही गळाला नसता. माणूस शेती करू लागला, पाण्याकाठी दाट वस्ती करून राहू लागला, तसा हिवताप फोफावला. हा जनुक एकाच पालकाकडून आला तर हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून तो टिकला. किनवटकडच्या आदिवासी भागातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही हीच कथा.

बरं, सख्खं नातं टाळलं की संपलं, असंही नाही. कल्याणी (पश्चिम बंगाल) येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की, आपल्याकडे जातीतच लग्न करण्याची रीत साधारण ७० पिढ्यांपूर्वी घट्ट होऊ लागली. इतक्या पिढ्या एकाच वर्तुळात सोयरीक झाली की परक्या गावचं स्थळही रक्तानं जवळचं निघू शकतं. देवणी गाय पाळणारा जाणता शेतकरी वळूची कालवड त्याच वळूला दाखवत नाही. माणसाला जनावराची उपमा दिली म्हणून कोणी रागावू नये. ही समज आपल्याच गोठ्यातली आहे.

पोरगी नजरेसमोर राहते, हुंड्याचा बोजा हलका होतो, दुष्काळात सोयरे धावून येतात, म्हणून लोक घरात सोयरीक करतात. ही कारणं मी हसण्यावारी नेत नाही. माझं मागणं एवढंच आहे. वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मात आणि बायोडाट्यात रक्तगटाचा रकाना असतो. रक्तगटावरून थॅलेसेमिया कळत नाही. त्याशेजारी हिमोग्लोबिन 'ए-२' च्या, म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक ओळखणाऱ्या रक्ततपासणीचा रकाना घाला. सामुदायिक विवाह सोहळ्यांच्या आयोजकांनी नाव नोंदवतानाच ती करून घ्यावी. त्याहून बरं, बारावीच्या वर्गातच व्हावी, म्हणजे सुपारी फुटायच्या आधी माहीत असेल. एकच जण वाहक निघाला तर मुलाला मेजर होण्याची भीती नाही. दोघंही निघाले आणि लग्न करायचंच असेल, तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते.

त्या मुलाच्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन भेटलो. मुलगा तपासणीसाठी रक्त द्यायला तयार आहे. मुलीचे वडील म्हणाले, तिचं रक्त तपासलं तर गावात काय बोलतील? पुढच्या आठवड्यात मी बहिणीला सोबत घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. औसा, जि. लातूर