बाबांच्या उंचीचं बेंच

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, सुतारकामाच्या वर्कबेंचचा सांगाडा उभा राहिला. व्हिडिओ कॉलवर सांधे नीट दिसत नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे ओहायोत सागवान परवडायचं नाही. घरं बांधायला वापरतात तेच पाइन घेतलं. नावाला २ बाय ४ इंच, पण टेप लावली की दीड बाय साडेतीन भरतं, त्यामुळे सगळा हिशोब त्यावरच केला.

तुम्ही आल्याआल्या पाय हलवून बघणार, म्हणून त्यांचंच आधी सांगते. एकेक पाय तीन पट्ट्या चिकटवून केलाय. बाहेरच्या दोन अखंड आहेत. मधली मात्र तुकड्यांत लावली आणि आडव्या पट्टीच्या जागी साडेतीन इंचांची फट सोडली. पट्टी त्या फटीत घट्ट शिरते आणि खालच्या तुकड्यावर बसते. पटाशीने खाच पाडावी लागली नाही, आणि भार थेट लाकडावरून लाकडावर उतरतो. बोल्ट नुसते सांधा धरून ठेवतात. वजन तर कुठलंही बेंच पेलतं, पण रंधा मारताना जो आडवा रेटा बसतो तो सांधे ढिले करतो. म्हणून मागची बाजू पूर्ण प्लायवूडने बंद केली. आता जोर लावून ढकललं तरी ते डुलत नाही.

गॅरेजची जमीन पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती असते, तेव्हा पायांखाली फिरवून वरखाली करता येणारे स्क्रू लावणार आहे. वरचा फळा ८ बाय ४ फुटांच्या एकाच प्लायवूडचा: लांबीत दोन भाग करून एकावर एक चिकटवायचे. त्यावर हार्डबोर्ड, तोही फक्त स्क्रूने, म्हणजे खराब झाला की काढून नवा टाकता येईल.

आई, शेवटी जवसाच्या तेलाचा हात देईन. तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती बाहेर पसरून वाळवणार आहे, तू काळजी करू नकोस.

आता तुमच्याकडून दोन मापं हवीत. बाबा, चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि आईला जमिनीपासून मनगटापर्यंत मोजायला सांगा. बेंच त्याच उंचीचं करायचंय. ते माझ्यापेक्षा तुमच्या हाताला बसायला हवं, कारण माळ्यावर पडलेला तुमचा रंधा पुन्हा चाललेला मला बघायचाय. आई, तू खुर्चीत बसून गुडघ्यापर्यंतची उंची मोज. या बेंचवरचं पहिलं काम म्हणजे तुला देवापुढे बसायला स्टूल.

येताना रंधा आणि पटाश्या चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. पात्यांना जाड पुठ्ठा गुंडाळा.

तुमची,
लेक