लग्न बिशपचं, जमीन राजाची

लंडन, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी ठणठणीत आहे. आई, खोलीत हीटर आहे, भाजीपोळी रोज करते, वजनही उतरलेलं नाही. ते आता पुन्हा विचारू नकोस.

बाबांनी गेल्या फोनवर विचारलं की माझ्या प्रबंधातल्या सातशे वर्षांपूर्वीच्या खटल्यांत एवढं काय ठेवलंय, आणि मी तोडून बोलले. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज नीट लिहिते. बाबा, तुमची सगळी नोकरी समन्स, तारखा आणि बजावण्यांत गेली. हे तुम्हाला चटकन कळेल.

इथे तेव्हा एकाच माणसावर दोन कोर्टांचा हक्क चाले, राजाचं आणि चर्चचं. ११६४ साली राजा दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडन इथे राजाचे आणि चर्चचे हक्क ठरवणारी १६ कलमं लिहून काढली. गुन्हा करणाऱ्या पाद्र्याला शिक्षा कोणी द्यायची यावरून आर्चबिशप बेकेटशी त्याचं बिनसलं आणि २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्येच बेकेटचा खून झाला. पुस्तकात एवढंच येतं. मला महत्त्वाचं वाटतं ते १५ वं कलम: कर्जाचा दावा, शपथ घेतलेली असो वा नसो, राजाच्याच कोर्टात.

लोक उसने घेताना शपथेवर घेत. पैसे बुडाले की धनको चर्चच्या कोर्टात जाई आणि म्हणे, हा कर्जाचा दावा नाही, शपथ मोडल्याचं पाप आहे. कारण साधं होतं. मोहोर केलेलं खत नसेल तर राजाच्या कोर्टात ऋणको आपले अकरा जण उभे करी, सगळे त्याच्या बाजूने शपथ घेत आणि तो सुटे. मग चर्चच्या कोर्टात अडकलेला ऋणको काय करी? चॅन्सरीत, म्हणजे राजाच्या कचेरीत, पैसे भरून प्रोहिबिशनचं रिट, म्हणजे दावा थांबवण्याचा राजाचा हुकूम, आणी. आपल्या हायकोर्टात राज्यघटनेच्या २२६ कलमाखाली मागतात त्या प्रोहिबिशनचं मूळ हेच. त्यात ठरलेले शब्द असत: मृत्युपत्र किंवा विवाह यांच्याशी संबंध नसलेल्या कर्जाचा आणि मालमत्तेचा दावा चालवू नका. ते चर्चच्या न्यायाधीशाच्या हाती द्यायचं. तरी त्याने दावा चालवला, तर न्यायाधीश आणि वादी दोघांनाही राजाच्या कोर्टात जाब द्यावा लागे. दावा खरंच चर्चचा असेल, तर १२९० पासून कन्सल्टेशन नावाचं दुसरं रिट मिळे आणि तो पुढे चाले.

खोट एकच होती. प्रतिवादीने स्वतः धावपळ केली नाही, तर रिट येतच नसे. म्हणून ते १५ वं कलम कागदावर राहिलं आणि १५ व्या शतकातही कँटरबरीच्या चर्च कोर्टात शपथभंगाचे दावे बिनबोभाट चालत होते.

चर्चकडे शस्त्र होतं वाळीत टाकण्याचं. पण ४० दिवस होऊनही माणूस वठणीवर आला नाही, की बिशपला राजाकडेच पत्र धाडावं लागे. मग राजाचा अंमलदार, शेरीफ, त्याला धरून तुरुंगात घाली. ती पत्रं लंडनमधल्या क्यू या भागातल्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. चामड्याची लहानशी पट्टी, त्यावर थोड्या ओळी लॅटिन: नाव, बिशपचा इलाखा, चाळीस दिवस उलटल्याची नोंद. भांडण कितीही असलं तरी एकमेकांवाचून दोघांचंही चालत नव्हतं.

आई, आता इथली एक रीत सांगते. मला ती अजून पचलेली नाही, म्हणून सविस्तर. लग्नाला पुरोहित लागतच नसे. 'मी तुला बायको म्हणून स्वीकारतो' असं तो म्हणाला, तिने तसंच उत्तर दिलं, की लग्न लागलं. गोठ्यात, रस्त्यावर, कुठेही. 'स्वीकारीन' म्हटलं तर नुसती सोयरीक, पण त्यानंतर शरीरसंबंध आला की तेही लग्नच. अशा गुपचूप लग्नाला चर्च प्रायश्चित्त देई, पण ते मोडत नसे. सिद्ध करायला दोन साक्षीदार हवेत. नवरा गेल्यावर मात्र विधवेला त्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा राजाच्या कोर्टातून मिळायचा, आणि त्यासाठी तो चर्चच्या दारात चारचौघांसमोर नेमून दिलेला लागे. म्हणजे बिशपच्या लेखी ती बायको, पण राजाकडून तिला एक वाफाही नाही. समोरचा म्हणाला की लग्नच झालं नव्हतं, तर राजाचे न्यायाधीश स्वतः ठरवत नसत. बिशपला विचारत, आणि त्याचा दाखला आला की त्यावर वाद नाही.

मुलांचं त्याहून वाईट. आईबापांनी मागाहून लग्न केलं तर आधीचं मूल चर्चला औरस, पण जमिनीला वारस नाही. १२३६ साली मर्टन इथल्या सभेत बिशपांनी हे बदला म्हणून विनवलं. सरदार एका तोंडाने म्हणाले, इंग्लंडचे कायदे बदलायची आमची इच्छा नाही. तेव्हापासून मूल लग्नाआधीचं की नंतरचं हा प्रश्न बिशपला न विचारता ज्यूरीला विचारू लागले. तो कायदा बदलायला १९२६ उजाडलं. काही न करता वाटणीतून उठवलेल्या त्या मुलांची नावं वाचताना फार वाईट वाटतं. बाबा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे.

आता घरचं. काकांचे दोन लाख शब्दावर घेतले होते. पन्नास हजार सोमवारी पाठवते, उरलेले दिवाळीपर्यंत. काकांना लेखी हवं असेल तर मी आनंदाने लिहून देईन, तुम्ही मध्ये अवघडू नका. दादाच्या लग्नाची नोंदणी त्याच आठवड्यात करा. पत्रिका, फोटो, भटजींची सही आणि साक्षीदारांची ओळखपत्रं आधीच जमवून ठेवा. माझ्या स्थळाचं प्रबंध दिल्यावर बघू. नाही म्हणत नाहीये.

लग्नाला मला येता येणार नाही. व्हिसाचं नूतनीकरण त्याच महिन्यात आहे आणि ते होईपर्यंत देश सोडता येत नाही. चुकवण्यासाठी सांगत नाहीये, आई. दादाला मी स्वतः फोन करून सांगितलंय, तो काही बोलला नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
ताई

ता. क. करवलीचा मान धाकट्या चुलतबहिणीला द्या. करा भरून तिच्या हातात आईनेच द्यावा.